आग विझविणाऱ्यांची शाळा आणि तिचा खर्च

तापी नदीच्या डाव्या तीरावर वसलेले सुरत शहर मराठी माणसाला प्रथम आठवते ते शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० सालच्या स्वाऱ्यांमुळे. त्या दोन्ही वेळी शहराचा काही भाग जळाला. परंतु सुरतेची राखरांगोळी करणारी सर्वात मोठी आग कोणत्याही सैन्याने लावलेली नव्हती. ती लागली एका घरात, डांबर उकळत असताना. तिच्यापासून आजपर्यंतचा काळ पाहू गेल्यास एक प्रश्न वारंवार समोर येतो. आग विझविणाऱ्या माणसाला ते काम शिकवावयाचे कोणी, आणि त्या शिकवणीचा खर्च सोसावयाचा कोणी? वरवर पाहता हा प्रश्न कचेरीतील फायलींचा वाटतो. पण त्याचे उत्तर चुकले म्हणजे माणसे प्राणास मुकतात.

२४ एप्रिल १८३७ चा तो दिवस. उन्हाळा ऐन भरात होता. संध्याकाळच्या सुमारास किल्ल्याजवळील माछलीपीठ या वस्तीत एका पारशी गृहस्थाच्या घरी उकळते डांबर सांडून आग लागली. शेजारच्या मालकाने आपल्या विहिरीचे पाणी काढू दिले नाही, असे त्या आगीच्या हकीकतीत सांगितले जाते. सुरतेची घरे त्या काळी लाकडी सांगाड्याची, मधल्या भिंती विटांच्या पण पातळ, आणि गल्ल्या अशा अरुंद की समोरासमोरची छपरे एकमेकांस भिडावीत. त्यात वारा सुटला. तीन दिवस आग शहराच्या मध्यभागातून फिरत राहिली. ती शांत झाली तेव्हा ९,३७३ घरे नष्ट झाली होती. जळालेल्या रस्त्यांची एकंदर लांबी जवळजवळ १० मैल भरली. नुसत्या घरांचे नुकसान ४६ लाख रुपयांचे ठरविण्यात आले. पाचशेहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस तापीला अभूतपूर्व पूर आला आणि उरलेसुरले शहर पाण्याखाली गेले. एके काळी मक्केच्या यात्रेकरूंचे आणि युरोपीय वखारींचे हे बंदर त्यानंतर दीर्घकाळ सावरू शकले नाही.

या आगीत शहराच्या बाजूने लढावयास कोण होते? शहरात नगरपालिका नव्हती. ती स्थापन झाली १८५२ साली. राज्य कंपनी सरकारचे. आगीनंतर मदत देणे हे सरकार आपले कर्तव्य समजे. आगीपूर्वी तयारी ठेवणे हे मात्र कोणाचेच कर्तव्य नव्हते. लोकांनी घडे, बादल्या आणि कुऱ्हाडी घेऊन जे केले तेवढेच. विहीर खाजगी होती, पाणी खाजगी होते आणि धैर्यही ज्याचे त्याचे खाजगीच होते. कोणत्या क्रमाने घरे पाडावीत म्हणजे आगीची वाट तुटेल, वाऱ्याची दिशा पाहून माणसे कोठे उभी करावीत, हे ठाऊक असलेला आणि ज्याचा हुकूम मानला जाईल असा मनुष्य शहरात नेमलेला नव्हता.

हे केवळ सुरतेचेच वैगुण्य होते असे समजण्याचे कारण नाही. त्या काळी जगातील बहुतेक शहरांची हीच स्थिती होती. एक अपवाद होता तो स्कॉटलंडमधील एडिंबरोचा. तेथे १८२४ साली जेम्स ब्रेडवुड या तरुणाकडे शहराचे अग्निशामक दल सोपविण्यात आले. ब्रेडवुडने दलात माणसे घेतली ती गवंडी, सुतार, छपरे शाकारणारे अशा बांधकामाच्या धंद्यांतील. कारण घर कसे उभे राहते हे ज्याला कळते त्याला ते कसे कोसळेल याचाही अंदाज असतो. अंधाराची सवय व्हावी म्हणून त्यांची कवायत तो पहाटे घेई. १८३० साली त्याने या विषयावर जे पुस्तक प्रसिद्ध केले त्याच्या नावातच बंबांच्या रचनेबरोबर बंबवाल्यांच्या शिक्षणाचा उल्लेख आहे. यंत्र आणि यंत्र चालविणारा मनुष्य यांना एकाच तोलाचे महत्त्व देणारा हा विचार पुढे जगभर गेला.

ब्रेडवुड १८३३ साली लंडनला आला. तेथील दल शहराचे नव्हते. विमा कंपन्यांनी एकत्र येऊन ते आपल्या पैशाने उभारले होते. २२ जून १८६१ रोजी टूली स्ट्रीटवरील वखारींना आग लागली. त्या वखारींत कापूस, ताग, चरबी असा माल खच्चून भरलेला होता. त्या आगीत भिंत अंगावर कोसळून ब्रेडवुड मरण पावला. विमा कंपन्यांनी तेव्हा स्पष्टपणे कळविले की हा बोजा यापुढे आम्हाला एकट्याने पेलवणार नाही. त्यातून १८६५ चा कायदा जन्मास आला. त्याने खर्चाचे तीन वाटे केले. विमा कंपन्यांनी विम्याच्या दर दहा लाख पौंडांमागे ३५ पौंड द्यावेत, सरकारने सालीना १०,००० पौंड द्यावेत आणि उरलेले घरपट्टीतील पौंडामागे अर्ध्या पेनीच्या करातून उभे करावेत. या रकमा आज किरकोळ वाटतील, पण त्यांमागील तत्त्व लक्षात घेण्यासारखे आहे. ज्याचे घर वाचते तो, ज्याचा विम्याचा पैसा वाचतो तो, आणि ज्याच्यावर शांतता व सुव्यवस्थेची जबाबदारी आहे ते सरकार, अशा तिघांनी मिळून दर वर्षी पैसा द्यावयाचा. आग लागो वा न लागो.

आपल्याकडे हा विचार रुजला तो मुंबईत. १८०३ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या कोटातही भीषण आग लागली होती. पुढे आगीचे बंब पोलिसांच्या ताब्यात राहिले, म्हणजे चोर पकडणाऱ्याने सवडीने आगही विझवावी अशी व्यवस्था होती. १८८७-८८ च्या सुमारास हे काम महापालिकेकडे आले आणि १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने ते तिचे कर्तव्य ठरविले. याच कायद्यात घरपट्टीच्या सर्वसाधारण कराला जोडून आगीच्या बंदोबस्ताच्या खर्चासाठी वेगळा अंश घेण्याची तरतूद आहे. सुरत त्या वेळी मुंबई इलाख्यातच होती. पण मुंबईजवळ होता तो पैसा, धंदेवाईक दल आणि लंडनचा कित्ता इलाख्यातील इतर शहरांजवळ नव्हता.

मुंबईच्या दलाची कसोटी १४ एप्रिल १९४४ रोजी लागली. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्या भरल्या होत्या. दुपारी कापसाने पेट घेतला. बंबवाले जहाजावर चढून पाणी मारीत असतानाच, चार वाजून गेल्यावर, जहाजाचा स्फोट झाला. त्या दिवशी अग्निशामक दलाचे ६६ जण कामी आले. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून देशभर पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. त्यांचे शौर्य वादातीत होते. परंतु ज्या मालाच्या शेजारी उभे राहून लढावयाचे त्याचे ज्ञान, धोक्याचा अंदाज घेऊन माघार केव्हा घ्यावी याचा निर्णय, आणि बंदर, लष्कर व दल यांच्यातील एकसूत्रीपणा या गोष्टी शौर्याने भरून निघत नाहीत. त्या शिकाव्या आणि शिकवाव्या लागतात, हा धडा त्या ६६ जणांच्या मरणाने देशापुढे ठेवला.

स्वातंत्र्यानंतर या दिशेने पावले पडली. १९४९ साली मुंबई राज्याने प्रांतिक महानगरपालिकांचा कायदा केला. आगीपासून जीवित आणि मालमत्ता यांचे रक्षण करणे हे त्याने महापालिकांचे बंधनकारक कर्तव्य ठरविले. पुढे १९६६ साली सुरतेची महानगरपालिका झाली तीही याच कायद्याखाली. राज्ये वेगळी झाल्यावरही पुणे आणि सुरत ही दोन शहरे एकाच कायद्याच्या दोन आवृत्त्यांखाली नांदत आली, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. १९५५ साली केंद्र सरकारने अग्निशमन विषयावर एक स्थायी सल्लागार समिती नेमली. १९५६ साली गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय उत्तर प्रदेशातील रामपूर येथे सुरू झाले आणि १९५७ साली ते नागपूरला हलविण्यात आले. त्या वेळच्या द्विभाषिक मुंबई राज्यात नागपूर आणि सुरत ही दोन्ही शहरे होती. शिकविणारी संस्था आणि शिक्षणाची निकड असलेले शहर अशी दोन्ही एका राज्यात आली, पण तो योग १ मे १९६० पर्यंतच टिकला.

नागपूरच्या महाविद्यालयाने मोठे कार्य केले आहे. देशातील नाना दलांचे अधिकारी तेथे शिकून गेले. एका प्रांतातील दलाची कवायत, हुकूम आणि परिभाषा दुसऱ्या प्रांतातील दलाला कळावी, ही एकरूपता बव्हंशी या संस्थेमुळे आली. परंतु तिची रचना मुख्यतः अधिकाऱ्यांसाठी होती. नळी खांद्यावर घेऊन धुरात शिरणारा साधा जवान शिकवावयाचा तो राज्याने किंवा शहराने. महाराष्ट्राने त्यासाठी कालिना येथे राज्याचे प्रशिक्षण केंद्र चालविले आणि मुंबईच्या दलाने वडाळ्यास आपले स्वतंत्र केंद्र उभारले. मुंबईसारख्या धनवान पालिकेला हे साधले. लहान नगरपालिकेला मात्र दलातील दहा-वीस जवानांपैकी पाच जणांना सहा महिने शिक्षणासाठी पाठविणे म्हणजे बंब उभा करून ठेवणे. त्यांचा पगार चालू, प्रवासाचा व राहण्याचा खर्च वेगळा, आणि त्यांच्या जागी काम करावयास माणूस नाही. अशा वेळी शिक्षण पुढे ढकलले जाते, आणि एकदा पुढे ढकललेले शिक्षण सहसा मागे येत नाही.

हे शिक्षण असते तरी काय, हेही पाहावयास हवे. पाणी मारणे हे कोणालाही जमेल असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात दाबाखालील नळीच्या तोंडाशी माणूस नीट उभा राहिला नाही तर ती त्यालाच फेकून देते. शिडी लावताना तिचा कोन, तिच्यावरील भार आणि वारा यांचा मेळ काही सेकंदांत घालावा लागतो. बेशुद्ध माणसाला खांद्यावर घेऊन तीच शिडी उतरणे ही स्वतंत्र विद्या आहे. धुराने भरलेल्या तळघरात स्वतःचा हातही दिसत नाही. तेथे भिंतीचा स्पर्श न सोडता, जोडीदाराला सोडून न जाता पुढे सरकावे लागते, आणि पाठीवरील हवेची नळकांडी सुमारे अर्धा-पाऊण तासच पुरते म्हणून परतीच्या हवेचा हिशेब आत जातानाच करावा लागतो. सुरतेसारख्या कृत्रिम रेशमाच्या शहरात यात आणखी भर पडते. सुती कापड जळते तसे पॉलिएस्टर जळत नाही. ते वितळते, ठिबकते आणि विषारी काळा धूर सोडते. गाठी बांधून रचलेला माल वरून विझला तरी आत धुमसत राहतो. शिवाय या शहराच्या दलाला तापीच्या पुरातही उतरावे लागते; २००६ च्या ऑगस्टमध्ये सुरतेचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला होता, हे अनेकांना स्मरत असेल. म्हणजे एकाच जवानाने आग, धूर, रसायने आणि पाणी या चारही गोष्टींची विद्या आत्मसात करावयाची. अशी विद्या नुसत्या नेमणुकीच्या हुकमाने येत नाही. ती वर्षानुवर्षे, कवायतीने आणि पुनःपुन्हा सरावाने टिकवावी लागते.

मग तिची जबाबदारी कायद्याने कोणावर टाकली? आपल्या राज्यघटनेप्रमाणे हा विषय राज्यांचा. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात अग्निशमन सेवेचा समावेश नगरपालिकांच्या कामांत झाला. म्हणजे केंद्राने राज्याकडे बोट दाखवावे, राज्याने पालिकेकडे, आणि पालिकेने आपल्या अंदाजपत्रकातील तुटीकडे. गृहमंत्रालयाने राज्यांनी कायदा कसा करावा याचा एक नमुना १९५८ सालीच तयार केला होता. या विषयाला वाहिलेला आगप्रतिबंध आणि जीवसंरक्षण उपायांचा सविस्तर कायदा महाराष्ट्रात झाला २००६ साली आणि गुजरातेत २०१३ साली. नमुन्यानंतर एकाने ४८ वर्षे घेतली, दुसऱ्याने ५५. या कायद्यांनी संचालक नेमले, इमारतींच्या मालकांवर बंधने घातली आणि तपासणीची पद्धत ठरविली. कायद्यांचा मुख्य रोख इमारतीवर राहिला. आत शिरणाऱ्या जवानाच्या शिक्षणाची बाजू त्या मानाने मागे पडली.

२४ मे २०१९ रोजी सुरतेतील सरथाणा भागात तक्षशिला आर्केड या इमारतीला आग लागली. वरच्या मजल्यावर मुलांचा शिकवणीचा वर्ग चालू होता. जिन्याची वाट धुराने आणि ज्वाळांनी बंद झाली. मुलांनी खिडक्यांतून उड्या घेतल्या आणि ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले. २२ जीव गेले. त्यांतील बहुतेक विद्यार्थी होते. दलाच्या शिड्या आणि सुटकेची साधने अपुरी पडली अशी टीका सर्वत्र झाली. चौकशी झाली, काही अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, शहरोशहरी शिकवणीच्या वर्गांची तपासणी झाली. १८३७ च्या आगीपासून १८२ वर्षे लोटली होती. या काळात पालिका आली, कायदे आले, बंब आले. तरीही खिडकीत उभ्या असलेल्या मुलापर्यंत पोहोचावयास जी तयारी लागते ती त्या संध्याकाळी पुरी पडली नाही.

त्यानंतरही सुरतेच्या कापडबाजाराला आगी लागतच राहिल्या. २०२० च्या जानेवारीत रघुवीर मार्केटची बहुमजली इमारत जळाली. २०२५ च्या फेब्रुवारीत शिवशक्ती मार्केटची आग एक दिवसाहून अधिक काळ धुमसत राहिली आणि शेकडो दुकाने नष्ट झाली. या बाजारांत खानदेशातून गेलेले मराठी कामगार मोठ्या संख्येने राबतात. लिंबायत, उधना या भागांत त्यांची घरे आहेत. सुरतेच्या दलाचे शिक्षण हा म्हणून एकट्या गुजरातचा प्रश्न नाही.

पैशाच्या बाबतीत अलीकडे एक महत्त्वाची गोष्ट घडली. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी अग्निशमन सेवांच्या विस्तारास आणि आधुनिकीकरणास ५,००० कोटी रुपये राखून ठेवण्याची शिफारस केली आणि २०२३ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने तशी योजना सुरू केली. त्यांतील ५०० कोटी रुपये कायदेविषयक व पायाभूत सुविधांच्या सुधारणा करणाऱ्या राज्यांना उत्तेजन म्हणून ठेवले गेले. सर्वसाधारण राज्यांनी खर्चाचा २५ टक्के वाटा स्वतः उचलावयाचा, ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांनी १० टक्के. नवी केंद्रे आणि नवी साधने यांच्याबरोबर राज्यांची प्रशिक्षण केंद्रे बळकट करणे हाही या योजनेचा एक उद्देश आहे. केंद्राने या विषयात इतका मोठा हात द्यावा, हे स्वागतार्हच होय.

तथापि येथे एक सावधगिरी हवी. एकदाच मिळणाऱ्या अनुदानातून बंब घेता येतो, इमारत बांधता येते, तिचे उद्घाटनही होते. शिक्षणाचे तसे नाही. शिक्षकाचा पगार दर महिन्याला लागतो. सरावाची नळी झिजते, हवेची नळकांडी पुन्हा भरावी लागतात, आज शिकलेला जवान दोन वर्षांनी पुन्हा शाळेत आणावा लागतो, आणि तो शाळेत असताना ठाण्यावर त्याच्या जागी दुसरा माणूस द्यावा लागतो. हा नित्याचा खर्च आहे आणि त्याला उत्पन्नही नित्याचेच हवे. लंडनच्या १८६५ च्या कायद्याने आणि मुंबईच्या १८८८ च्या कायद्याने नेमके हेच ओळखले होते. अमेरिकेतील अनेक राज्यांत आगीच्या विम्याच्या हप्त्यावर जो कर बसतो त्याचा काही भाग बंबवाल्यांच्या कल्याणाकडे किंवा शिक्षणाकडे वळविला जातो, तोही याच विचाराने. आपल्याकडे इमारतींच्या परवान्याबरोबर अग्निशमनाचे शुल्क आकारले जाते. त्यांतील ठराविक हिस्सा कायद्याने शिक्षणासाठी बांधून द्यावा, तो अन्य कामाकडे वळविता येऊ नये, आणि लहान नगरपालिकांच्या जवानांचा शिक्षणकाळातील खर्च राज्याने उचलावा, एवढे झाले तरी पुष्कळ साधेल. गृहमंत्रालयाने २०१९ साली राज्यांकडे नवा नमुना-कायदा पाठविला आहे. मागील नमुन्याला लागली तितकी वर्षे या खेपेस लागू नयेत.

माछलीपीठात १८३७ साली एका विहिरीचे पाणी अडले, कारण ती एकाच्या मालकीची होती. पाणी ही सर्वांची गरज असल्याने ते सर्वांच्या खर्चाने घरोघरी न्यावे, हे शहरांनी त्यानंतरच्या शतकात मान्य केले आणि नळ आले. आग विझविण्याची विद्याही तशीच सर्वांच्या मालकीची आणि सर्वांच्या खर्चाची आहे, हे मान्य करावयाचे काम अजून पुरते झालेले नाही. दर वर्षी १४ एप्रिलला आपण मुंबईच्या त्या ६६ जणांना वंदन करतो. त्याच सप्ताहात प्रत्येक पालिकेने आपल्या दलातील किती जवान गेल्या वर्षी शिकून आले, आणि त्यासाठी किती रुपये खर्ची पडले, हे दोन आकडे नागरिकांपुढे ठेवावेत. असे आकडे मागण्याचा अधिकार घरपट्टी भरणाऱ्या प्रत्येकाला आहे.